एक झुडूप, अनेक खाती

महाराष्ट्राच्या महसूल खात्याशी ज्यांचा कधी संबंध आला असेल, त्यांना 'पोटखराबा' हा शब्द समजावून सांगावयास नको. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेले क्षेत्र म्हणजे पोटखराबा. एकदा तशी नोंद झाली की त्या जागेवर काय उगवते, ते कोण नेते आणि कशासाठी नेते, हे प्रश्न दप्तराच्या दृष्टीने संपतात.

हा शब्द मला आठवला तो घरापासून फार दूर, लेहजवळ सिंधूच्या काठी. नदीपात्राच्या रेताड, गोटाळ पट्ट्यात माणसाच्या उंचीचे, रुपेरी पानांचे काटेरी रान माजलेले होते आणि सप्टेंबर असल्याने फांदीन् फांदी केशरी फळांनी लगडलेली होती. आमच्या करवंदीच्या जाळीची आठवण यावी असे ते दृश्य होते. सोबतचे वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे आदराने 'मेमे-ले' म्हणत, त्यांना मी विचारले की याची लागवड कोणी केली. ते हसले. "लावायचे कशाला? गुरे आवरली की ते आपणच येते," एवढेच ते म्हणाले.

त्या उत्तराने मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगेन. तूर्त या झुडपाचा इतिहास पाहू. तो मला केवळ वनस्पतिशास्त्राचा वाटत नाही, प्रशासनाचाही वाटतो. एखादी वनस्पती प्रथम कोणत्या खात्याच्या नजरेस पडते, यावर तिचे आणि तिच्याभोवती जगणाऱ्या माणसांचे भवितव्य किती अवलंबून असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

झुडपाची ओळख

इंग्रजीत याला सीबकथॉर्न म्हणतात. मराठीत नाव नाही, कारण ते आपल्याकडे उगवत नाही. लडाखीत 'चेरमांग' आणि फळाला 'चेस्तालुलू', लाहौलमध्ये 'छरमा', गढवालात 'अमेस' अशी नावे आहेत. 1753 साली लिनियसने त्याला 'हिप्पोफी ऱ्हाम्नॉइडीस' हे शास्त्रीय नाव दिले. पहिल्या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'चमकणारा घोडा' असा लावला जातो. याची पाने खाऊ घातलेल्या घोड्यांच्या अंगावर तकाकी येते, अशी जुनी समजूत त्यामागे आहे. हिमालयात याच कुळातील आणखी जाती आढळतात. उत्तराखंड व सिक्कीमकडील उंच वाढणाऱ्या जातीचे वर्णन डेव्हिड डॉन याने 1825 साली नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथात केले. अतिउंचीवरील गुडघाभर उंचीची तिबेटी जात 1863 साली नोंदली गेली.

या झुडपाचे तीन गुण ध्यानात ठेवले की पुढचा सारा इतिहास उलगडतो. पहिला गुण मुळांचा. मुळांवरील गाठींत राहणारे फ्रँकिया नावाचे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत बांधतात. त्यामुळे जेथे दुसरे काही तग धरत नाही तेथे हे झुडूप उभे राहते. मुळांपासून फुटवे फेकत ते पसरते आणि वाळू व माती धरून ठेवते. दुसरा गुण असा की नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळे फक्त मादीला येतात, परागण वाऱ्याने होते, आणि झाड फुलावर येईपर्यंत तीनचार वर्षे कोणते कोणते हे कळत नाही. निष्फळ म्हणून नरझाडे उपटून टाकणारा शहाणा पुढच्या वर्षी फळांनाही मुकतो. तिसरा गुण फळाचा. ते नाजूक सालीचे असून फांदीला घट्ट चिकटलेले असते, पिकूनही गळत नाही, आणि ओढायला जावे तर बोटांत फुटते. शिवाय ते बहुधा मागील वर्षाच्या फांदीवर धरते. म्हणजे फळांसकट फांदी छाटून नेली की पुढील हंगामाचेही नुकसान ठरलेले.

दप्तराबाहेरचा उपयोग

राज्यसंस्थेची नजर वळण्यापूर्वी लडाखच्या गावगाड्यात या झुडपाला निश्चित स्थान होते. जवाच्या शेताभोवती दगडी गडगा घालून त्यावर याच्या वाळलेल्या काटेरी फांद्या रचत. झो, गाढव आणि शेळ्यामेंढ्या त्या ओलांडत नसत. आपल्याकडे गावात पाटील आणि महार-रामोशी यांची जशी नेमलेली कामे असत, तशी तेथे 'गोबा' म्हणजे गावप्रमुख, 'चुर्पोन' म्हणजे पाण्याची पाळी सांभाळणारा आणि 'लोरापा' म्हणजे पिकात शिरलेली जनावरे धरणारा, अशी पदे होती. कुंपण कोठे मोडले आहे हे लोरापाने पाहायचे आणि मालकाने ते दुरुस्त करायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1908 च्या सुमारास, काश्मीर संस्थानाच्या जमाबंदीत लेहकडील गावांच्या पाणीवाटपाच्या रूढी 'रिवाज-ए-आबपाशी' या नावाने लिहून काढण्यात आल्या. पाणी अशा रीतीने दप्तरात आले. काटेरी रान मात्र रूढीच्या हवाली राहिले.

कुंपणाखेरीज ते सरपण होते. झाडे विरळ आणि हिवाळा सहा महिन्यांचा अशा प्रदेशात या उपयोगाचे मोल सांगावयास नको. फळांचा उपयोग अन्नापेक्षा औषधात अधिक होई. हिमालयात अन्यत्र, उत्तराखंडच्या उंच खोऱ्यांत, फळांचा रस आटवून घट्ट करून ठेवत आणि वर्षभर चटणी-भाजीत आंबटपणासाठी वापरत. आपल्या कोकणातील आगळाची आठवण करून देणारी ही पद्धत आहे.

औषधी परंपरा आणि हेमाद्रीचा दुवा

तिबेटी वैद्यक, म्हणजे सोवा-रिग्पा, या फळाला 'तारबू' म्हणते. बाराव्या शतकातील युथोक योन्तेन गोन्पो यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या 'ग्युशी' या चार तंत्रांच्या ग्रंथपरंपरेत त्याचा समावेश आहे. फुप्फुसाचे विकार, कफ आणि रक्तदोष यांवर ते दिले जाते. लडाखमधील 'आमची', म्हणजे गावचा वंशपरंपरागत वैद्य, हे फळ आटवून वा वाळवून इतर द्रव्यांत मिसळीत असे. त्याला फी नसे. सुगीच्या दिवसांत गावकरी त्याच्या शेतावर काम करून ऋण फेडीत.

येथे मराठी वाचकाला रुचेल असा एक दुवा आहे. तिबेटी वैद्यकाच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक म्हणजे वाग्भटाचे 'अष्टांगहृदय'. ते अकराव्या शतकात रिंचेन झांगपो या महान भाषांतरकाराने एका काश्मिरी पंडिताच्या साहाय्याने तिबेटीत आणले. त्याच 'अष्टांगहृदया'वर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य असलेला हा गृहस्थ वैद्यकावर लिहीत होता, हे आजच्या अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. एकच ग्रंथ गोदावरीकाठी आणि सिंधूच्या उगमाकडे वाचला गेला. सिंधूकडील वैद्यांनी मात्र आपल्या दारच्या काटेरी झुडपाचा स्वतंत्र अभ्यास करून औषधसंग्रहात भर घातली. ज्ञान खालून वर आणि वरून खाली, दोन्ही दिशांनी गेले.

सीमा मोजणाऱ्यांच्या नोंदी

युरोपीय पाहुण्यांपैकी विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा अधीक्षक. तो 1820 ते 1822 या काळात लडाखात राहिला. 'चमकणाऱ्या घोड्या'चे झुडूप भोवती असताना या अश्ववैद्याचे मन मात्र प्रांगोस नावाच्या चाऱ्याने अधिक वेधले. 1847 साली लडाख-तिबेट सीमेसाठी नेमलेल्या आयोगात अलेक्झांडर कनिंगहॅम आणि हेन्री स्ट्रॅची यांच्यासमवेत थॉमस थॉमसन हा वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1852 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात नुब्रा व श्योक नद्यांच्या काठच्या या काटेरी रानाचे उल्लेख येतात. नोंद झाली ती वनस्पती म्हणून. तिच्यावर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न विचारणे सीमा आयोगाच्या कामात बसत नव्हते.

तीन देश, तीन खाती

विसाव्या शतकात मात्र तीन मोठ्या राज्यसंस्थांनी या झुडपाकडे लक्ष दिले, आणि प्रत्येकीने ते वेगळ्या खात्याच्या खिडकीतून पाहिले.

सोव्हिएत संघात ते फलोद्यान संशोधकांच्या हाती पडले. सायबेरियातील अल्ताई प्रदेशात मिखाईल लिसावेन्को यांनी 1930 च्या दशकात काम सुरू केले. कातुन नदीकाठच्या रानटी झुडपांतून निवड करून मोठ्या फळांच्या, लांब देठाच्या आणि कमी काट्यांच्या जाती तयार झाल्या. 'दार कातुनी', म्हणजे कातुनची देणगी, ही त्यांतील एक. फळांच्या तेलाचा उपयोग भाजलेल्या जखमांवर व श्लेष्मल त्वचेच्या इजेवर तेथील वैद्यकात रूढ झाला. झुडूप रानातून बागेत आले आणि त्याला मालक, माळी व कारखाना मिळाला.

चीनमध्ये पुढाकार घेतला तो जलसंपदा मंत्रालयाने. पिवळ्या नदीत येणारा गाळ हा तेथील राज्यकर्त्यांचा शतकानुशतकांचा प्रश्न. 1985 साली तत्कालीन जलसंपदा मंत्री छियान झेंगयिंग यांनी लोएस पठाराच्या सुधारणेसाठी याच झुडपाची निवड करावी असे सुचवले. त्यानंतर घळींच्या उतारांवर त्याची प्रचंड प्रमाणात लागवड झाली. 1989 साली शीआन येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1977 सालीच फळाला चिनी औषधकोशात स्थान मिळालेले होते. पण तेथे झुडपाचे पहिले काम माती धरण्याचे, रस आणि तेल त्यानंतर.

भारतात ते संरक्षण खात्याच्या नजरेस आले. 1962 च्या युद्धानंतर लडाखात मोठ्या संख्येने सैन्य राहू लागले. हिवाळ्यात रस्ते बंद, ताज्या भाजीफळांची वानवा, आणि 1984 पासून सियाचीनची भर. लेह येथील डीआरडीओच्या क्षेत्रीय संशोधन प्रयोगशाळेने, जी आज 'दिहार' म्हणजे उच्चपर्वतीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, प्रथम भाजीपाल्याचे आणि पुढे या फळाचे काम हाती घेतले. रसातील तेल वर तरंगते, चव तीव्र आंबट व तुरट, साठवण अवघड. या अडचणी सोडवून 2001 च्या सुमारास 'लेह बेरी' हे पेय सिद्ध झाले. तंत्रज्ञान खाजगी उद्योगास देण्यात आले आणि दिल्ली-मुंबईच्या दुकानांतून त्याचे खोके दिसू लागले. हिमाचलात पालमपूरच्या कृषी विद्यापीठानेही लाहौल-स्पितीतील झुडपांवर मोलाचे काम केले.

हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु फलोद्यान खाते प्रथम शेतकऱ्याचा विचार करते, जलसंपदा खाते उताराचा, आणि संरक्षण खाते शिध्याचा. आपल्याकडे पेय आधी तयार झाले. ते ज्या झुडपाचे, त्याची मालकी, तोडणीची शिस्त आणि वेचणाऱ्याचा मोबदला हे प्रश्न मागाहून आले.

वेचणारे हात

तोडणीचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि तो जवाच्या सुगीला लागूनच येतो. फळे वेचतात त्या बहुतांशी स्त्रिया. झुडपाखाली कापड अंथरून किंवा डबा धरून फांदीवर काठीने मारायचे, फुटलेली फळे, पाने व काटे एकत्र गोळा करायचे, मग निवडायचे. हातमोज्यांतूनही काटे रुततात. डहाणू-जव्हारकडे करवंदांच्या पाट्या भरून बाजारात बसणाऱ्या बायांची बोटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगणे न लगे. फळ लवकर आंबत असल्याने सौदा त्याच दिवशी करावा लागतो, आणि ज्याला माल रात्रभर ठेवता येत नाही त्याला भाव करता येत नाही. ही अर्थशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. शीतगृह किंवा रस काढण्याचे लहान यंत्र गावातच असेल तर तीच बाई दुसऱ्या दिवशीही सौदा करू शकते. म्हणून मला वाटते की या विषयात प्रयोगशाळेइतकेच महत्त्व गावातल्या एका शीतपेटीला आहे.

हक्काचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. ही झुडपे नदीपात्रात, शासकीय वा गावाच्या सामाईक जमिनीवर वाढतात. गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य करणारा 2006 चा कायदा जम्मू-काश्मीर राज्यास लागू नव्हता. तो तेथे 2019 च्या पुनर्रचनेनंतर आला. जैवविविधतेचा 2002 चा कायदा स्थानिकांना लाभाचा वाटा देऊ पाहतो. हा वाटा देशी कंपन्यांनाही द्यावाच लागेल, असा महत्त्वाचा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिला. 2023 च्या दुरुस्तीने मात्र लागवडीखालील औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांना बरीच सूट दिली. येथे थांबून विचार करावा. तारबूचे ज्ञान ग्रंथात आहे, पण ते फळ कोणत्या काठावर, कोणत्या आठवड्यात, कसे वेचावे याचे ज्ञान ग्रंथात नाही. पहिले सर्वांचे मानले गेले तर दुसऱ्याचे मोल कोण देणार?

डिसेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालय व डीआरडीओ यांनी मिळून हिमालयाच्या पाच राज्यांसाठी या झुडपाच्या लागवडीचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला. 2019 साली लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, आणि 2023 साली 'लडाख सीबकथॉर्न'ला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. भाव आपोआप मिळत नाही; त्यासाठी उत्पादकांची संघटना आणि तिचा हिशेब लागतो, हे आपल्याकडील अनेक मानांकित पिकांच्या अनुभवावरून सांगता येईल.

चमत्काराविषयी सावधगिरी

या फळाला 'चमत्कारी' म्हणण्याची प्रथा पडली आहे. फळ पौष्टिक आहे यात शंका नाही. त्यात क जीवनसत्त्व विपुल असते. जात, उंची व तोडणीची वेळ यांनुसार शंभर ग्रॅममागे शंभरापासून हजाराहून अधिक मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण बदलते. आपला आवळा याच पंक्तीतला. विशेष म्हणजे फळाच्या गरातही तेल असते, जे फळांत क्वचित आढळते, आणि त्यात कॅरोटिनवर्गीय द्रव्ये व ई जीवनसत्त्व असते.

परंतु पौष्टिक असणे वेगळे आणि रोग बरा करणे वेगळे. फिनलंडमधील संशोधकांनी अडीचशेच्या आसपास निरोगी स्वयंसेवकांवर काटेकोर चाचणी करून 2008 साली निष्कर्ष मांडला की या फळाने सर्दीपडसे टळले नाही. शरीरातील दाहाचा एक निर्देशांक मात्र किंचित घटला. डोळ्यांच्या कोरडेपणावर तेलाचा थोडा उपयोग 2010 च्या त्यांच्याच चाचणीत दिसला. असे मर्यादित, प्रामाणिक निष्कर्ष खोक्यावर छापले जात नाहीत. परदेशातील वाचकांनी या नावाच्या महागड्या गोळ्या घेण्यापूर्वी, विशेषतः रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास, आपल्या डॉक्टरांना विचारावे हे बरे. अतिरंजित दाव्यांचा भुर्दंड शेवटी वेचणारीलाच पडतो. दावा फसला की मागणी कोसळते, आणि तिच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नसते.

हेक्टरांचा हिशेब

आता त्या ओशाळेपणाविषयी. काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका बैठकीस मी उपस्थित होतो. डोंगराळ प्रदेशातील लागवडीचा विषय होता आणि लक्ष्य हेक्टरांत मांडलेले होते. आकडा लहान वाटतो, तो वाढवावा, असा आग्रह धरणाऱ्यांत मीही होतो. रोपे किती लागली याचा रकाना तक्त्यात होता. जुने रान किती तुटले, याचा नव्हता, आणि तो असावा असे माझ्या मनातही आले नाही. सिंधूकाठी मेमे-लेंचे ते एक वाक्य ऐकले तेव्हा तो सुटलेला रकाना माझ्या डोळ्यांसमोर आला. जे रान गुरे आवरली तर आपणहून येते, त्याच्या राखणीला कोणतेही लेखाशीर्ष नव्हते. नव्या रोपांना होते. आणि ती गुरे आवरणारा लोरापा आता बहुतेक ठिकाणी नावापुरता उरला आहे, कारण कुंपण तारेचे झाले आणि तरुण मुले लेहला, जम्मूला गेली.

हिवाळ्यात त्या रानात उत्तरेकडून आलेला एक थिरथिरा पक्षी फांद्यांवर उरलेल्या फळांवर गुजराण करतो. म्हणजे न तोडलेले फळही वाया जात नाही. शंभर टक्के तोडणी हे यशाचे माप मानणाऱ्या अहवालात या पाहुण्यासाठीही जागा ठेवावी लागेल.

हिमालयात नेमणूक झालेल्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. नवी लागवड जरूर करा, पण आधी उभे असलेले रान मोजा आणि गावाच्या संमतीने त्याची राखण ठरवा. फांद्या छाटण्यास मनाई करण्यापूर्वी वेचणारीला हत्यार, हातमोजे आणि शीतपेटी द्या. खरेदीचा भाव हंगामापूर्वी गावसभेत जाहीर करा. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

परतताना मेमे-लेंना मी 'जूले' म्हटले. त्यांनी खिशातून मूठभर वाळलेली फळे काढून माझ्या हातावर ठेवली. ती आंबट होती, इतकी की डोळे मिटले गेले. माझ्या टिपणवहीत त्या दिवशी लागवडीचे आकडे लिहावयाचे होते. ते नंतर लिहिले. आधी लोरापाचे नाव लिहिले.